सवत माझी मतपेटी

मी एक जुनी किटली आहे. अॅल्युमिनियमची, दोन मुठींची, तीस कप चहा पोटात घेणारी. आणि मी मत्सरी आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकते, कारण माझं सगळं तिथूनच बिघडलं.

बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात मला ठोकून आकार दिला आणि थेट ऑसर्बी गावच्या सभागृहात पाठवलं. मॅव्हिस पिंडर या सभागृह सांभाळणाऱ्या बाई. नवरा गेल्यापासून त्यांचं घर नावालाच होतं; दिवस सगळा माझ्या शेजारी जायचा. लग्न असो, भोपळ्यांची स्पर्धा असो की कुणाच्या दफनानंतरची सँडविचं असोत, मॅव्हिसबाई मला दोन्ही हातांनी उचलायच्या आणि लोक म्हणायचे, "चहा प्यावा तर ऑसर्बीला!" त्या कौतुकावर मी चाळीस वर्षं काढली.

पण दर चार वर्षांनी, मे महिन्यातल्या एका गुरुवारी, काउंटी परिषदेची निवडणूक यायची आणि माझ्या घरात सवत यायची. मतपेटी! काळी, चौकोनी, रूप ना रंग. तरी तिचा थाट बघा! सकाळी सात वाजता केंद्राध्यक्ष गॉर्डनसाहेब तिला उचलून सगळ्यांना दाखवायचे, "पाहा, रिकामी आहे." मग तिला सील लागायचं. दिवसभर लोक रांगेनं यायचे आणि तिच्यापुढे आवाजसुद्धा खाली आणायचे. मी तर दिवसातून दहा वेळा रिकामी होते. मला कधी कुणी उचलून दाखवलं नाही. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

त्या वर्षीची निवडणूक अटीतटीची होती. परिषद वर्षानुवर्षं एकाच गटाच्या हाती होती. नवा गट म्हणत होता की गावोगावची ओस पडलेली सभागृहं विकू आणि रस्त्यांचे खड्डे बुजवू. त्यांचे उमेदवार होते नेव्हिल स्कॉर्बी. सभागृह राखू म्हणणाऱ्या होत्या जुन्या गटाच्या ऑड्री थ्रोसेल. मॅव्हिसबाईंचं मत कुणाला, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

टपालानं आलेलं मतदानाचं कार्ड त्यांनी सकाळी एप्रनच्या खिशात घातलं होतं. मतपेटी वीस पावलांवर. पण मॅव्हिसबाई निघाल्या की कुणीतरी चहाच्या खिडकीशी हजर.

"मॅव्हिस, एक कप दे गं. पाय मोडले माझे दारोदार फिरून," ऑड्रीबाई म्हणाल्या.

"तिसरा आहे हा तुझा! निवडून आलीस तर चहापत्तीवर कर बसवशील."

"तुझं मत टाकलंस ना?"

"टाकते गं. पेटी काय पळून चाललीय?"

असं करत दिवस सरला. टेबलावर डाग पडू नये म्हणून त्यांनी ते कार्ड माझ्याच बुडाखाली सरकवलं. शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा मात्र कोट चढवला, कार्ड ओढून घेतलं आणि त्या निघाल्या. माझ्याकडे पाठ करून, तिच्याकडे.

मला सहन झालं नाही. माझं झाकण तसं सैलच होतं. मी ते धरून ठेवलं नाही. झाकण खणकन पडलं, मी कलंडले, चहाचा लोट दारापर्यंत गेला. "अगंबाई! कुणी घसरून पडायचं!" म्हणत मॅव्हिसबाई परतल्या आणि गुडघे टेकून फरशी पुसू लागल्या. त्या उठल्या तेव्हा गॉर्डनसाहेब पेटीची फट बंद करत होते.

"मॅव्हिसबाई, वेळ संपली हो. माझा नाइलाज आहे."

"जाऊ द्या," त्या कार्ड खिशात कोंबत म्हणाल्या. "एका मतानं काय होतंय!"

मी मात्र मनातल्या मनात जिंकले होते.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या मोठ्या हॉलमध्ये मतमोजणी होती. तिथल्या चहाची पाळी आमच्याकडे होती, म्हणून मीही गेले. दुपारपर्यंत परिषदेत दोन्ही गटांच्या जागा तीस-तीस झाल्या. राहिली एकच, ऑसर्बीची. ती जो जिंकेल त्याची परिषद. तीनदा मोजलं. ऑड्रीबाईंना अकराशे बेचाळीस, स्कॉर्बींना अकराशे बेचाळीस.

निवडणूक अधिकारी बाईंनी चष्मा पुसला. "समान मतं म्हणजे चिठ्ठ्या. कायदाच आहे तसा. कशात टाकायच्या?"

"मतपेटी नको," स्कॉर्बी म्हणाले. "आज सकाळपासून तिनंच छळलंय."

"मग ती किटली घ्या," ऑड्रीबाई म्हणाल्या. "तिचा चहा दोन्ही पक्षांनी ढोसलाय."

सगळे हसले. मॅव्हिसबाईंनी मला विसळलं, कोरडं पुसलं. अधिकारी बाईंनी मला दोन्ही हातांनी उचललं, सगळ्यांसमोर उलटं केलं आणि म्हणाल्या, "पाहा, रिकामी आहे."

मित्रांनो, तेच शब्द! सारा हॉल श्वास रोखून माझ्याकडे बघत होता आणि माझी सवत कोपऱ्यात उघडी पडली होती. एवढं सुख मला कधी मिळालं नव्हतं. दोघांच्या नावांच्या, घडी घातलेल्या दोन चिठ्ठ्या आत पडल्या. हात आत आला. एक चिठ्ठी बाहेर गेली.

"नेव्हिल स्कॉर्बी."

नव्या गटानं टाळ्यांचा कडकडाट केला. मॅव्हिसबाई माझं झाकण धरून तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी खिशातून ते कार्ड काढलं. त्यावर माझ्या बुडाचं गोल तपकिरी कडं उमटलं होतं.

"ऑड्री, मी काल मत दिलंच नाही गं."

ऑड्रीबाईंनी कार्ड पाहिलं. मग त्यांनी मॅव्हिसबाईंचा हात धरला. "तीन कप तर मीच प्याले, मॅव्हिस," त्या म्हणाल्या.

कुणीही माझ्याकडे बोट दाखवलं नाही. दाखवायला हवं होतं.

रस्त्यांचे खड्डे बुजले, हे खरं सांगायला हवं. सभागृह विकलं गेलं, हेही खरं. मी आता मॅव्हिसबाईंच्या मागच्या दाराशी असते. माझ्यात कपड्यांचे चिमटे असतात. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत त्या टी-बॅग बुडवून एकट्यापुरता एक कप करून भागवतात. मला उचलायला दोन हात लागतात आणि चहा द्यायला कुणी नाही.

मला मतपेटीचा हेवा होता, पण तिच्या पोटातून निघायचं ते लोकांचं म्हणणं. माझ्या पोटातून निघालं ते नुसतं नशीब. मित्रांनो, जुन्या भांड्यांची झाकणं नीट बसवा, त्यांना जपा, पण मताच्या दिवशी आमचे लाड करू नका. चहा निवला तर निवू द्या.

चार वर्षांनी परवा पुन्हा मे महिन्यातला तो गुरुवार आला. मतदान आता शेतात आणून ठेवलेल्या चाकांवरच्या एका खोलीत होतं, दोन मैलांवर. मॅव्हिसबाई सकाळी सहालाच कोट घालून निघाल्या. चहा न पिता.