बोटवाल्या बाईंचे स्पीकर

आपल्या आईला आता धड ऐकू येत नाही, असं मुलाने एकदा ठरवून टाकलं आणि त्या दिवसापासून तिला काही विचारायचंच बंद केलं. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आई बारा दिवस इस्पितळात होती. तेवढ्यात पठ्ठ्याने बैठकीच्या खोलीतले तिचे दोन जुने, कमरेएवढे उंच स्पीकर भंगारवाल्याला देऊन टाकले आणि त्या जागी स्वतःचं चालायचं मशीन आणून ठेवलं. आई काठी टेकत घरात शिरली तेव्हा त्या मशीनवर दोन टॉवेल वाळत होते, आणि टेबलावर मुठीएवढा एक गोल स्पीकर बसवलेला होता.

"हा तुझ्यासाठी," मुलगा म्हणाला. "कुठेही उचलून नेता येतो."

"माझे कुठे गेले?"

"अगं, त्यांच्या आतल्या, थरथरणाऱ्या पडद्याची कडा भुगा होऊन गळत होती. आणि खरं सांगू का आई, तुला आता फरक काय कळणार आहे?"

कडा गळत होती हे खरंच होतं. नवी जोडी बघायचं आईच्या, म्हणजे बोटवाल्या बाईंच्याही मनात होतं. पण ते शेवटचं वाक्य त्यांच्या जिव्हारी लागलं. टाके घातलेला गुडघाही तेवढा दुखत नव्हता.

कारण फरक कळणं हाच तर त्यांचा धंदा होता. बत्तीस वर्षं त्यांनी इस्पितळात लोकांचे कान तपासले होते. काचेच्या पलीकडे माणूस कानाला हेडफोन लावून बसायचा आणि अलीकडून बाई सांगायच्या, "आवाज आला की बोट वर करा." त्यामुळे त्यांना सगळे बोटवाल्या बाईच म्हणायचे. या कामात एक गोष्ट त्या लवकर शिकल्या. ऐकू येत नाही हे कबूल करायची पुष्कळांना लाज वाटते. मग ते अंदाजाने बोट वर करतात. अशांसाठी बाई मध्येच आवाज बंद ठेवून नुसत्या बघत बसायच्या. काहीही वाजत नसताना जे बोट उठायचं, त्याला त्या खोटं बोट म्हणायच्या. मग वयाचा, हुद्द्याचा मुलाहिजा न ठेवता तपासणी पुन्हा पहिल्यापासून.

स्वतःचे कानही त्यांनी असेच निष्ठुरपणे तपासले होते. वरचे, बारीक सूर गेले होते. दाराची बेल, पाखरांचा आवाज, नातीची कुजबुज, यासाठी कानात यंत्रं घालावी लागत. पण खालचे, जाड सूर? ते वीस वर्षांच्या पोरीसारखे शाबूत होते. आणि तो मुठीएवढा स्पीकर नेमके तेच सूर गाळून टाकत होता. जे त्यांच्याकडे उरलंच नव्हतं ते तो वाजवत होता, आणि जे उरलं होतं ते त्याच्या आवाक्यातच नव्हतं. बाईंनी तो दोन दिवस ऐकला आणि तिसऱ्या दिवशी नातीच्या खेळण्यांत टाकून दिला.

गुडघा जरा वाकायला लागला तशा त्या मुलाला घेऊन स्पीकरच्या दुकानात गेल्या. म्हणजे मुलगा गाडी चालवत होता, पण नेत त्याच होत्या.

दुकानदार पन्नाशीचा, गोड बोलणारा. त्याने एकदा बाईंच्या कानातली यंत्रं पाहिली आणि पुढचं सगळं बोलणं मुलाशी सुरू केलं. "आजींसाठी ना? मग आवाज स्पष्ट पाहिजे. हे बघा." त्याने दोन पांढरेशुभ्र, सडपातळ स्पीकर दाखवले. मुलाचा जीव लगेच त्यांच्यात अडकला, कारण घरचे पडदे पांढरे होते.

"आजी तुमच्या घरी," बाई म्हणाल्या. "आणि ते कोपऱ्यातले लावा."

कोपऱ्यात एक तपकिरी जोडी उभी होती. रुंद, बोजड, दिसायला दोन कपाटं. दुकानदाराने नाइलाजाने ती जोडली. बाईंनी पिशवीतून आपली तबकडी काढून दिली. त्यात एक वादक उभ्याने जाड तारांचं मोठं वाद्य छेडतो आणि बाकीचे त्याच्या मागून येतात. दुकानदार एका बटणाने कधी तपकिरी, कधी पांढरी जोडी चालू करू लागला.

"बघ, पांढरे किती मोकळे वाजतात!" मुलगा म्हणाला.

"वाजणारच," बाई म्हणाल्या. "त्यांचा आवाज थोडा चढा ठेवलाय. मोठा आवाज सगळ्यांनाच चांगला वाटतो, यात कानाची काही करामत नाही. दोन्ही सारखे करा."

दुकानदाराने ड्रॉवरमधून मोजायचं यंत्र काढलं आणि दोन्ही आवाज एका पातळीवर आणले. त्यानंतर तो बाईंना मॅडम म्हणू लागला.

"आता तू भिंतीकडे तोंड कर," बाईंनी मुलाला सांगितलं. "मी बदललं म्हटलं की कोणती जोडी ते सांग."

मुलगा हसत हसत वळला. बाई बटणापाशी बसल्या. "बदललं."

"पांढरी. स्वच्छ कळतं."

"बदललं."

"ही तपकिरी. कोंदट आहे जरा."

"बदललं."

"हं, परत पांढरी. केवढा फरक!"

असं आठ वेळा झालं. दुकानदार ओठ दाबून छताकडे बघत होता, कारण बाईंनी बटणाला हातसुद्धा लावला नव्हता. पहिल्यापासून तपकिरी जोडीच वाजत होती.

मुलगा वळला, त्याने बटण पाहिलं आणि तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. बाईंना दया आली नाही. इतके दिवस आपलंच लेकरू आपल्याला घरातल्या जुन्या सामानात मोजत होतं, त्याचा राग असा एका मिनिटात विरघळत नाही.

"मग आता तू दे परीक्षा," तो फणकारला. "एकदा जरी चुकलीस तरी घरी तो गोल स्पीकर. पुन्हा विषय काढायचा नाही."

आपले कान आपल्याला माहीत आहेत असं म्हणणारी कितीतरी माणसं त्यांनी काचेपलीकडे चुकताना पाहिली होती. आपणही त्यांतल्याच निघालो तर? मग घरात कुणी कधीच काही विचारणार नाही, आणि त्यांना तोंड वर करून बोलायला जागा उरणार नाही. तरीही त्यांनी दोन्ही यंत्रं कानांतून काढली आणि डबीत ठेवली.

"अहो मॅडम, यंत्रं न लावता?" दुकानदार हातवारे करत ओरडला.

"माझ्या कानांची परीक्षा आहे, यंत्रांची नाही. तपकिरी लागली की बोट वर करीन, नाहीतर खाली."

त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि मुलगा बटणापाशी. वरचे सूर धुक्यात गेले होते. पण जाड तारेचा घुमारा जमिनीवरून चालत आल्यासारखा येत होता. बोट वर. मग तो घुमारा पातळ झाला, जणू कुणी त्याच्या पायाखालची फळी काढून घेतली. बोट खाली. वर. खाली. एकदा मुलाने लबाडी केली आणि काही न बदलता नुसतंच बटणावर बोट आपटलं. बाईंचं बोट होतं तिथेच राहिलं. शेवटी त्याने आवाज पूर्ण बंद केला आणि वाट पाहिली. बोट खाली आलं आणि तसंच राहिलं. पूर्ण मिनिटभर.

"बारापैकी बारा," दुकानदार म्हणाला. बाईंना ते ऐकू आलं नाही, पण त्याचा चेहरा वाचता आला.

दोन दिवसांनी तपकिरी जोडी घरी आली. चालायचं मशीन टॉवेलांसकट मुलाच्या खोलीत गेलं. तिथे त्याची चांगलीच अडगळ झाली. बाईंनी यंत्रं डबीत ठेवली, तबकडी लावली आणि खुर्चीत मान मागे टाकून डोळे मिटले. जाड तार वाजली आणि त्यांच्या तळपायांना ती कळली. किती तरी दिवसांनी त्या आपल्या घरात आल्या.

तबकडी संपली तेव्हा मुलगा शेजारी येऊन बसला होता. जमिनीकडे बघत, आपल्या भरड्या आवाजात तो म्हणाला, "जुने द्यायच्या आधी तुला विचारायला पाहिजे होतं."

त्याचा आवाज खालच्या पट्टीतला. बाईंना अक्षर न् अक्षर ऐकू आलं. पण त्यांनी डोळे उघडले नाहीत आणि हातही खुर्चीवरून हलवला नाही.

मुलगा जरा जवळ सरकला. "आई, मी तुला विचारायला पाहिजे होतं."

हात तसाच.

"आई, चुकलं माझं! तुला न विचारता दिले, चुकलं!" त्याच्या आवाजाने आतून नात धावत आली.

तेव्हा कुठे बाईंनी बोट वर केलं.