हळदीचा ड्रम आणि कोमलचा कॉम्प्युटर

कुरुंद्याच्या वैजनाथला बायकोचा कॉम्प्युटर खपत होता. खपत नव्हता तो विजयकुमार.

विजयकुमारचं वारंगा फाट्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. कोमलला कॉम्प्युटर त्यानंच दिला, मराठी टायपिंग त्यानंच शिकवलं, आणि काही अडलं की ती फोन त्यालाच लावायची. फोन उचलला की तो म्हणायचा, "बोला कोमल मॅडम." हेच वैजनाथच्या काळजात रुतून बसलं होतं. त्यानं स्वतः लग्नातला उखाणा सोडला तर बायकोचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. आई होती तोवर लाज वाटायची, आई गेली तोवर सवय पडली. "अगं" म्हटलं की कोमल यायची, काम भागायचं. आणि हा फाट्यावरचा कोण पोरगा, हक्कानं तिचं नाव घेतो, अन् नाव घेतलं की ही हसते!

हसायची हे खरं. वैजनाथ शेतातलं काही सांगायचा तेव्हा मात्र ती नुसती मान हलवायची.

त्या दिवशी सकाळी वावटळ सुटली आणि गावाची लाईट गेली. दुपारी आली, तीही अर्धीच. घरातले दिवे लागले, पण मागच्या शेडची लाईन दुसरी होती, ती मेलेलीच राहिली. शेडमध्ये हळद घासायचा लोखंडी ड्रम होता. उकडून वाळवलेली हळद त्यात फिरली की साल निघून पिवळीधमक होते. ड्रम अर्धवट घासलेल्या हळदीनं भरलेला. वैजनाथला धीर निघेना. त्यानं लांब वायर आणली, मागच्या दारातून आत ओढली आणि घरातल्या प्लगात खुपसली. ड्रम कण्हत कण्हत फिरायला लागला. आपल्या अकलेवर खूश होऊन त्यानं तंबाखू मळली.

पुढच्या खोलीत कोमलनं कॉम्प्युटरचं बटण दाबलं. बारका दिवा चमकला, आतला पंखा एक गिरकी घेऊन थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. समोर टायपिंगचं काम घेऊन आलेली शेजारची भिकाबाई बसलेली. तिच्या नातीच्या लग्नाची पत्रिका अर्धी टाईप होऊन आत अडकलेली, आणि जावई ती आजच छापायला नेणार होता.

वैजनाथ पाणी प्यायला आत आला तर कानावर तेच पडलं.

"कोमल मॅडम, घाबरू नका. पहिलं मला सांगा, बटण दाबल्यावर आवाज कसा येतो?"

वैजनाथनं तांब्या ठेवला आणि बायकोच्या हातातून फोन काढून घेतला.

"मी बघतो."

"तुमी?" कोमल म्हणाली. "तुमाला त्यातलं काय कळतंय?"

"तू बाजूला सर. करंट असतो त्यात. बाईमाणसानं काहून हात घालायचा?"

"रोज तर तीच हात घालून राहिली," भिकाबाई म्हणाली. "आजच कुठून आला बाबा करंट?"

फोनमध्ये विजयकुमारचा चेहरा दिसत होता. केस विंचरलेले, दात पांढरे. "नमस्कार दाजी!" तो म्हणाला.

बहिणीच्या नवऱ्याला म्हणतात तसं दाजी म्हणाला. पण वैजनाथला वाटलं, गोड बोलायची नवी तऱ्हा काढली ह्यानं.

"काय करायचं ते सांग," तो म्हणाला.

विजयकुमार सांगत गेला. मागची वायर काढा. आता पुढचं बटण थोडा वेळ दाबून धरा, साठलेला करंट निघून जातो. वायर लावा, बटण दाबा. वैजनाथनं सगळं बराबर केलं. पंखा गिरकी घेऊन थांबला.

"मग डबा उघडा दाजी."

पेचकस आणून वैजनाथनं बाजूचा पत्रा काढला. आत जिकडेतिकडे पिवळं. पंख्यावर, वायरींवर, कोपऱ्याकोपऱ्यात हळदीचा धुराळा बसला होता.

"अरारा," विजयकुमार हसला. "ह्याला तर हळद लागली! अक्षता कधी टाकायच्या?"

कोमल हसली. भिकाबाईही हसली. वैजनाथनं तोंड वाकडं करून फडक्यानं धूळ काढायला सुरुवात केली.

"आता ती लांब हिरवी पट्टी दिसून राहिली ना? तिला रॅम म्हणतात. दोन्हीकडच्या खटक्या दाबून वर ओढा, अन् तिचे सोनेरी दात खोडरबरनं घासा."

लेकीच्या दप्तरातला खोडरबर कोमलनं आणून दिला. वैजनाथ मांडी घालून असा घासायला लागला की कपाळावर घाम आला.

"हळू दाजी, हळू! हळद न्हाई ती!"

पुन्हा दोघी हसल्या. पट्टी जागेवर बसवली, बटण दाबलं. पंखा हलला आणि गप्प झाला.

विजयकुमारनं थोडा विचार केला. "असं करतो, मीच येतो. सगळं खोलून बसावं लागंल, संध्याकाळ व्हईल. कोमल मॅडम, पिठलं-भाकरी टाका माझ्यासाठी."

"या की!" कोमल मागून म्हणाली. "ठेचाबी करते."

वैजनाथच्या डोळ्यापुढं सगळं उभं राहिलं. आपल्या बाजेवर विजयकुमार बसलाय, कोमल त्याला एकेक स्क्रू हातात देतीय, तो काहीतरी बोलतोय, ही हसतीय, आणि आपण शेडच्या दारात हळदीनं माखून उभे. ठेचा तर आपण मागितला तरी ती म्हणते, पोटात आग पडंल.

"काहून यायची तकलीफ?" तो घाईनं म्हणाला. "इथंच सांग. काय राहिलं?"

"राहिलं काही न्हाई. एकच, घरात व्होल्टेज कसं हाय? वरचा पंखा दाखवा बरं."

वैजनाथनं फोन वर धरला. छताचा पंखा असा फिरत होता की पाती मोजून घ्यावीत.

"लाईट आल्यावर काही जड लावलं का ह्या लाईनवर? मोटर, गिरणी?"

मागून ड्रमची घरघर ऐकू येत होती. रोजचीच घरघर, म्हणून कोमलचं ध्यान तिकडं नव्हतं. वैजनाथनं मात्र मागच्या दाराकडं नजर टाकली. कॉम्प्युटर घरात आला त्या दिवशीच कोमलनं त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं, की ड्रम ह्या लाईनवर कधी लावायचा नाही.

"न्हाई," तो म्हणाला. "काही न्हाई लावलं."

"मग आतला वीजपुरवठ्याचा डबाच गेला असंल. निघतोच मी." विजयकुमारनं गाडीची किल्ली उचलली, ती फोनमध्ये वाजली.

"थांब!" वैजनाथ ओरडला.

दोघी त्याच्याकडं बघायला लागल्या.

"ड्रम लावलाय," तो खाली बघत म्हणाला.

कोमलनं कमरेवर हात ठेवले.

"म्हंजे बाबा," भिकाबाईनं पदर तोंडाला लावला, "चोराच्याच हाती कंदील देऊन आपुण चोर धुंडून राहिलो!"

वैजनाथनं फोन टेबलावर टाकला आणि मागं धावला. प्लग उपटला. ड्रम मंदावला, आतली हळद शेवटचं खळखळून थांबली. घरातला पंखा गरगरायला लागल्याचा आवाज त्याला तिथूनच आला. आता पुढं सांगायला पाहिजे, की दाब बटण. तेवढ्यात टेबलावरच्या फोनमधून आवाज निघालाच, "कोमल म—"

"कोमल!" वैजनाथ मागच्या दारातून केवढ्यानं तरी ओरडला. "कोमल, दाब बटण!"

गोठ्यातल्या म्हशीनं मान वर केली. कॉम्प्युटरनं एक बारीक शिट्टी दिली, पंखा घुमला, पडदा उजळला.

"अगबाई!" भिकाबाईचा आवाज आला. "नाव घेतलं की! अन् तेबी उखाण्याबिगर!"

वैजनाथ आत आला. कोमल पडद्याकडं तोंड करून पत्रिका शोधत होती, पण तिचे खांदे हलत होते. फोनवरून ह्या वेळी कोणी थट्टा केलेली नव्हती. ही हसते ती आपल्यामुळं, हे कळायला त्याला जरा वेळ लागला.

"झालं का दाजी?" फोन विचारत होता. "मग पिठल्याचं काय?"

"पीठ संपलं," म्हणून वैजनाथनं फोन कापला.

आता लाईट गेली की तो हातातलं काम टाकून पहिला ड्रमची वायर बघायला पळतो. शेजारचे म्हणतात, बायकोच्या कामाची ह्याला लई फिकीर. कॉम्प्युटर कधी अडलाच तर विजयकुमारला फोनही वैजनाथच लावतो, दाजी-दाजी ऐकून घेतो, सांगेल तसं करतो. कोमल हात पुढं करते, "द्या की इकडं, मी बोलते."

"तुला काहून तकलीफ, कोमल?" तो म्हणतो, आणि फोन घेऊन अंगणात जातो.