बुजगावण्याशी मारामारी

"अबे जब्बार, कोणाच्या अंगाले हात न लावता त्या डब्ब्याले बोंबलाले लावतो. लाव शर्यत!"

बोरी अरबच्या बाजारचौकात खांबावर नवा कॅमेरा बसला, त्याच दिवशी मी हे बोललो. जब्बार मिस्त्री माहा शेजारी, गाड्या दुरुस्त करते. तो बसवाले पुसदहून आलेली नयन मॅडम सांगून राह्यली होती : डब्बा ताटलीएवढ्या सोलरवर चालते, चौक खाली असला की झोपते. कोणाचं तोंड ठेवत नाही, फोटो कुठं धाडत नाही. माणूस निसता काड्यांचा काढते, हात, पाय, मान. मारामारी दिसली तरच पोलीस पाटलाच्या मोबाईलवर भोंगा.

"अन् हारला त?" जब्बार.

"बाजाराच्या दिवशी याच खांबाखाली कान धरून एक्कावन उठाबशा. तू हारला त महिनाभर रोज संध्याकाळी माह्या ओट्यावर चाय प्याले येशीन. चाय माही."

"याच्यात माही सजा काय, पुंडलिकभाऊ?"

"माह्या हातची चाय हाये, लेका."

सगळे हासले. मीबी हासलो. माही बायको शकू जाऊन दोन वर्सं झाली, पोरगी खुशी महागावले नांदते. घरात भांडाले बी कोणी नाही. जब्बार आधी रोज ओट्यावर येत जाय, मंग त्याचं गॅरेज वाढलं. सरळ 'ये' म्हणाची मले आदतच नाही.

दुसऱ्या दिवशी वावरातलं बुजगावणं उचलून आणलं. माहा सदरा घातला, टोपी घातली, चौकात उभं केलं अन् सुटलो.

"थांब साल्या! माह्या तुरीत पाय ठेवतं?"

बुक्क्या, लाथा, गचांडी. तणस उडालं. पोलीस पाटील बाजूलेच उभा, पण त्याच्या मोबाईलवर भोंगा काही वाजेना.

चाचणीसाठी थांबलेल्या नयननं आपला मोबाईल आमच्याकडं फिरवला, डब्ब्याले दिसते ते त्याच्यावर दिसून राह्यलं. कडेले बघ्यायच्या काड्या, बाकी चौक रिकामा. मधात एक काड्यांचा माणूस हवेले गुद्दे मारून राह्यला, हवेलेच कवटाळून राह्यला. बुजगावण्याच्या जागी काहीच नाही.

"काका, भांडाले दोघं लागतात. याले दुसरं कोणी दिसूनच नाही राह्यलं."

लोक खो खो हासले. जब्बारची बायको जोहराबी तेवढी हासता हासता थांबली. पडद्यावर तोंड नव्हतं, तरी सगळ्यायनं मले वळखलं होतं.

बाजाराच्या दिवशी कान धरले. भोवती लोकायचा हा घेरा जमला! गिनती मीच करून राह्यलो.

"सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणीस, वीस..."

"ओ भाऊ, गिनती मांग काहून चालली?"

"म्हातारपण हाये बाबा."

"बावन्न वर्साचं?"

पुन्हा हशा. पण कोणाले वांगे घ्याचे होते, कोणाची बस होती. घेरा पातळ होत गेला. गुडघे कटकट वाजून राह्यले. पन्नास म्हणलं तवा समोर एकटा जब्बार, ऑईलचे हात फडक्याले पुसत.

एकच राह्यली होती. मी तसाच बसून राह्यलो.

त्यानं माह्याकडं पाह्यलं, खांबाकडं पाह्यलं. मंग खाली बसला.

"पन्नास कायचे, लबाडा? तीस झाले. मी मोजून राह्यलो."

म्या कान पुन्हा धरले.