पाऊण इंच

मी टेप बोलतेय. मापं घ्यायची, साठ इंचांची, पिवळी. एका टोकाला पितळेची पट्टी आहे, दुसऱ्या टोकाची कधीच गळून पडली. कारखान्यात कापडावर रंगाचा लेप चढवून माझ्यावर आकडे छापले आणि शंभर बहिणींबरोबर मला खोक्यात कोंबलं. पुढे मी सासूबाईंच्या गळ्यात पडले ती अकरा वर्षं तिथेच होते.

सासूबाई म्हणजे आमच्या शिवणकामाच्या दुकानाच्या मालकीणबाई. दुकानात त्यांची सूनही शिवते, तिच्या त्या सासू, म्हणून मीही त्यांना सासूबाईच म्हणते. घराच्या पुढच्या खोलीत दोन मशीन, कापायचं टेबल, इस्त्री आणि एक आरसा, एवढंच दुकान. मला कोणी नावं ठेवलेली खपत नाहीत, पण खोटं कशाला बोलू, मी आता ढिली पडलेय. ओढून ओढून लांबलेय, त्यामुळे माझ्यावर माप कमी दिसतं. गिऱ्हाइकाचं मात्र काही बिघडत नव्हतं, कारण सासूबाईंचा नियम आहे, ज्या टेपनं माप घेतलं त्याच टेपनं कापड कापायचं. दोन्हीकडे सारखीच चूक झाली की कपडा अंगाला बरोबर बसतो.

सुनेची टेप वेगळी, नवी कोरी, नवऱ्यानं आणून दिलेली. मी तिच्याशी फारसं बोलत नाही.

गेल्या वर्षी सुनेला दिवस गेले होते. सगळ्यांना सांगून झालं होतं, सासूबाईंनी तर मऊ कापड बघून दोन झबलीही शिवली. नवव्या आठवड्यात एका सकाळी तिची मळमळ थांबली. आज बरं वाटतंय म्हणून ती पोटभर जेवली, हसली. तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. झबली कुठे गेली ते मला माहीत नाही, कोणी विचारलंही नाही.

या वर्षी पुन्हा पाळी चुकली तेव्हा तिनं नवऱ्याशिवाय कोणालाच सांगितलं नाही. पण मला कळायचं ते कळलं. कोऱ्या कापडाचा गठ्ठा सोडला की खळीच्या वासानं तिच्या पोटात ढवळायचं आणि ती तोंडावर पदर धरून मागच्या दारी पळायची. तासातासाला बाथरूम. दुपारी मशीनवर मान टाकून डुलकी. छाती इतकी हुळहुळी की गठ्ठा उराशी धरवेना. एकदा काज वाकडं झालं म्हणून ढसाढसा रडली, मग स्वतःलाच हसली.

दुसऱ्या बायका या त्रासानं कावतात. हिचं उलटच. ज्या दिवशी उलटी व्हायची त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर जरा रंग असायचा. उलटी नाही झाली की सुईत दोरा जायचा नाही. बाई गं, भीतीनं माणूस किती वेडं होतं. रोज सकाळी आरशापुढे उभी राहून ती नव्या टेपनं छातीचं माप घ्यायची, भरून आलेली छाती उतरली तर नाही ना हे बघायला. साडेपस्तीस आलं की श्वास सोडायची.

दहावा आठवडा लागला आणि त्या सकाळी ती उठली तर मळमळ नाही. सासूबाई शाळेच्या गणवेशांची मापं घ्यायला गेल्या होत्या. माझे पुसट आकडे त्यांना आताशा दिसत नाहीत, म्हणून नवी टेप घेऊन गेलेल्या. मी खुंटीवर होते.

सुनेनं मला ओढून काढलं. छातीभोवती गुंडाळलं. तिचं काळीज इतकं धडधडत होतं की माझे आकडे हलत होते. पावणेपस्तीस. तिनं पुन्हा मोजलं. पावणेपस्तीस. मी ओरडत होते की मी खोटी आहे, माझं ऐकू नकोस. पण टेपला आकडे असतात, तोंड नसतं.

ती तशीच जमिनीवर बसली. जन्मभर मापांवर पोट असलेली बाई, तिनं आपल्या अंगापेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला. घरचा नियम घाबरून विसरली.

सासूबाई परत आल्या तेव्हा मी अजून तिच्या मुठीत होते. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग मला सोडवून टेबलावर नव्या टेपशेजारी सरळ लावलं. माझा पस्तीसचा आकडा तिच्या पावणेछत्तीसवर आला.

"पाऊण इंच ही खाते," त्या म्हणाल्या. "तुझं कमी झालेलं नाही."

"आई, तुम्हाला कसं कळलं?"

"दीड महिना झाला. खळीचा वास तुला कधीपासून सोसेनासा झालाय, ते काय मला दिसत नाही? तू सांगशील म्हणून थांबले होते."

"मळमळ थांबलीय," सून म्हणाली. "गेल्या वेळेसारखीच."

सासूबाईंनी भर दुपारी दुकानाचं शटर ओढलं आणि सवयीनं मला गळ्यात टाकूनच तिला घेऊन निघाल्या. रस्ताभर त्यांच्या मानेची शीर माझ्याखाली उडत होती. तोंडानं मात्र सुनेला म्हणत होत्या, काही होत नाही गं.

सोनोग्राफीच्या खोलीत अंधार. डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत राहिल्या. सासूबाईंनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. इतकी वर्षं ओढ खाल्लीय, पण इतकी कधी नाही. मला वाटलं, मी तुटते आता.

"हे बघा, ठोके," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "छान पडतायत."

सून आवाज न करता रडली. मग डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. गर्भ राहिला की अंगात एक हार्मोन भराभर वाढतं, मळमळ बहुधा त्याच्या जोडीनं वाढते. नवव्या-दहाव्या आठवड्यानंतर ते हळूहळू उतरतं, तशी मळमळही ओसरते, कोणाची लवकर, कोणाची उशिरा. झोप येणं, पोट फुगणं, छाती दुखणं हे दुसऱ्या हार्मोन्सचं काम, तेही रोज सारखं नसतं. नुसत्या लक्षणांवरून आत काय चाललंय ते ठरवू नका. रक्त गेलं, पोटात जोरात कळा आल्या, तर मात्र लगेच या. आणि दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवा. पुढची खात्री त्यांनी दिली नाही. कोण देणार?

घरी आल्यावर सासूबाईंनी मोठी कात्री घेतली आणि माझे दोन तुकडे केले. मला राग नाही. आता एका तुकड्यानं कागदी नमुने बांधलेत, दुसरा टेबलाच्या पायाखाली आहे, टेबल डुगडुगू नये म्हणून. तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी जुनी टेप असेल, तर कपडे शिवा तिच्यावर. जीव टांगणीला लागला असेल तेव्हा मात्र तिला विचारू नका, माणसाला विचारा.

आता बारावा आठवडा आहे. भीती गेलेली नाही, फक्त एकटीची राहिली नाही. सून बाथरूमला गेली की सासूबाईंचं मशीन थांबतं. आतून कडी काढल्याचा आवाज येतो, सून दारात येऊन "काही नाही, आई" म्हणते, तेव्हा कुठे त्या पुन्हा पाय मारतात.