थंड ब्रेकचा दाखला

नेल्बाला आज एकच गोष्ट हवी होती. नवऱ्याची गाडी नापास व्हावी.

तपासणी केंद्राबाहेर रांगेत उभे असलेले बाकीचे लोक पास होण्यासाठी देवाला साकडं घालत होते. ही बाई मात्र जुन्या लाल तोरिनो गाडीच्या सीटवर आक्रसून बसली होती आणि मनातल्या मनात उलटीच प्रार्थना करत होती. शेजारी तिचा नवरा रोमुलो शीळ घालत स्टिअरिंग पुसत होता.

रविवारी डोंगरापलीकडे तोरिनोवाल्यांचा मेळावा होता. रोमुलो सात वर्षांच्या नातीला, आइलेनला, पुढच्या सीटवर बसवून नेणार होता. सुनेनं सांगून टाकलं होतं, "तपासणीत पास झाली तर खुशाल न्या." घरातल्या भांडणाचा निवाडा असा या फाटकापाशी येऊन थांबला होता.

मागच्या उन्हाळ्यात घाट उतरताना काय झालं ते नेल्बानं डोळ्यांनी पाहिलं होतं. रोमुलोचा पाय ब्रेकच्या पेडलसकट पार तळाच्या फळीला टेकला, आणि गाडी सुटली ती सुटलीच. नशिबानं पुढे चढ लागला. रोमुलोनं दहा-पंधरा मिनिटांनी पेडल दाबून पाहिलं तर ते दगडासारखं घट्ट. "बघ म्हातारे, काही झालेलं नाही. तुला भास झाला." त्या दिवसापासून घरात, चौकात, मेव्हण्याकडे सगळीकडे हाच विनोद. नेल्बाला भास होतात. नेल्बाला आता चष्मा नको, ब्रेक हवा.

फाटक उघडलं. आत तोसोलिनी नावाचा इन्स्पेक्टर होता. माणूस वाईट नव्हता, पण तोरिनो दिसल्यावर त्याचं तोंड लहान पोरासारखं झालं.

"उस्ताद! ही कुठे लपवून ठेवली होती इतकी वर्षं?"

"लपवली नाही रे. तुझ्यासारख्यांची दृष्ट लागते म्हणून झाकून ठेवतो."

झालं. इकडच्या डोंगरातल्या कारखान्यात ही गाडी जन्मली म्हणून इथल्या प्रत्येक पुरुषाला ती स्वतःची सख्खी आत्या वाटते. शेजारच्या रांगेतल्या पोराच्या छोट्या गाडीला तोसोलिनीनं एका बल्बवरून हाकलून दिलं होतं. तोरिनोभोवती मात्र बाकीचे तिघे इन्स्पेक्टर काम टाकून आले. बोनेट उघडलं, फोटो काढले, नाकावरच्या बैलाच्या चिन्हाला हात लावला. खालून टॉर्च मारायची ती कुणी मारली नाही. ब्रेक तपासायच्या फिरत्या रुळांवर गाडी चढवली, रोमुलोनं पाय दाबला, काटा हिरव्यात गेला.

"वा! या वयात असा दाब," तोसोलिनी म्हणाला, "माझाही नाही."

सगळे हसले. त्यानं काचेवर नवं स्टिकर चिकटवलं आणि अंगठ्यानं प्रेमानं सपाट केलं.

नेल्बाला डोळ्यांपुढे आइलेन दिसली. पुढच्या सीटवर, हातात कागदी झेंडा घेतलेली. बोलावं तर भासवाली बाई. न बोलावं तर रविवार.

ती दार उघडून उतरली.

"तोसोलिनी, थंड ब्रेकवर कुणी मेलंय का रे आजवर?"

"काय म्हणालात, नेल्बाबाई?"

"तुमचे रूळ थंड, गाडी थंड, आणि तुम्ही सगळे तापलेले. माणूस मरतो घाट उतरताना. हिला घाट उतरवून दाखव म्हणावं रोमुलोला. तू शेजारी बस. जीव एवढा जडलाय ना तिच्यावर? मग जीव ठेव तिच्यात."

"म्हातारे, लोकांपुढे नाटकं नकोत," रोमुलो दात आवळून म्हणाला.

"नाटकच असेल तर घाबरतोस कशाला?"

बाकीचे तिघे फिदीफिदी हसायला लागले, तेव्हा तोसोलिनीला माघार घेता येईना. तो पुढे बसला. नेल्बा मागे बसली. ती नसती तर दोघं चौकाला वळसा घालून हसत परत आले असते. दाराच्या कडीभोवती तिनं बोटं आवळली.

घाटाच्या वरच्या वळणावरून रोमुलोनं नेहमीसारखंच केलं. उतार लागला तसा गिअर काढला आणि गाडी न्यूट्रलमध्ये सोडली. पेट्रोल वाचतं, म्हणे. त्याच्या बापानं शिकवलं, बापाला त्याच्या बापानं, आणि कुणालाही विचारा, सगळा जिल्हा असाच उतरतो. सगळा भार ब्रेकवर. जुनं झालं की घाटात उकळतं आणि पेडल पोकळ पडतं, ते ब्रेकमधलं ऑइल कधी बदललं होतं? देव जाणे. रंग मात्र दरवर्षी नवा.

"ऐक, कसा रेशमासारखा आवाज," रोमुलो म्हणाला.

तोसोलिनी मान डोलावत होता. मग रबर जळल्याचा वास आला आणि त्याची मान थांबली.

"उस्ताद, दुसरा गिअर टाका."

"कशाला? पुढे गाउचितो आहे."

वळणावर गाउचितो या लोकसंताचं लाल झेंड्यांचं छोटं देऊळ. त्याला हॉर्न न वाजवणारा पुढच्या वळणापर्यंत पोचत नाही, असं इथला प्रत्येक ड्रायव्हर मानतो. रोमुलोनं एक हात उचलून हॉर्न वाजवला, दुसऱ्या हातानं छातीवर क्रॉसची खूण करायला गेला, आणि पाय दाबला.

पाय फळीला टेकला.

नेल्बाला तो आवाज ओळखीचा होता. ठप्प, बूट पत्र्यावर. नंतर वारा. झेंडे अंगावर धावून आले. तिच्या तोंडातून आवाजच फुटला नाही, कडी मात्र उपटून हातात आली. रोमुलो पेडल तुडवत होता, तुडवत होता, आणि पुटपुटत होता, "नाही, नाही, नाही." तोसोलिनीनं दोन्ही हातांनी हँडब्रेक खेचला आणि स्टिअरिंगवर झडप घालून गाडी खडीत घुसवली. दगड पत्र्यावर आदळले. देवळापुढच्या नवसाच्या बाटल्या फुटल्या. बैलाचं नाक संताच्या पायरीला लागून थांबलं.

तोसोलिनी उतरून कठड्यापाशी गेला, खाली डोकावला आणि ओकला.

रोमुलो जागचा हलला नव्हता. चेहरा पिठासारखा. बऱ्याच वेळानं धूर विरला, ब्रेक निवले, तेव्हा त्यानं सवयीनं पुन्हा पाय दाबला. पेडल दगडासारखं घट्ट लागलं. नेल्बानं आरशात पाहिलं. त्याच्या तोंडावर हळूहळू रंग परत येत होता. ओठ उघडत होते. नेल्बाला दरीची वाटली नव्हती एवढी भीती आता वाटली.

"बघ म्हातारे," तो म्हणाला, "आता तर..."

"गप बसा," तोसोलिनी म्हणाला. तो काचेपाशी आला होता. त्यानं नखांनी नवं स्टिकर खरवडायला सुरुवात केली. ते पक्कं बसलं होतं, त्यानंच सपाट केलं होतं. तुकड्या-तुकड्यानं निघत होतं. नखाखालून रक्त आलं तरी तो थांबला नाही.

नेल्बा तो करकरीत आवाज ऐकत बसली. कडी अजून मुठीत होती. बोटं उघडेनात.