दाराशी ठेवलेलं सामान

कपातला चहा डावीकडे सरकला, कडेला टेकला, तिथे क्षणभर विचार केल्यासारखा थांबला—आणि मग काही झालंच नाही अशा आविर्भावात पुन्हा मधे आला. रस्ता सरळ होता. वारा नव्हता. फ्लॅगस्टाफ नुकतंच मागे पडलं होतं, दोन्ही बाजूंना पाइनची झाडं बघ्यांसारखी उभी होती, आणि श्रीरंग समोर बघत होता, म्हणजे समोर बघतोय असं दाखवत होता, कारण डोळ्याच्या कोपऱ्यात तो कप होता आणि चहा पुन्हा सरकायला लागला होता... या खेपेला उजवीकडे.

शुभानं कप उचलला, उरलेला चहा एका घोटात संपवला आणि रिकामा कप पायाशी ठेवून दिला. नवऱ्याला त्रास देणारी वस्तू नजरेआड करायची ही तिची जुनी, मायेची पद्धत. त्याच्या साखरेचे रिपोर्टही ती अशीच टॉवेलांखाली ठेवत आली होती. पण चहा पिऊन टाकला म्हणून चहाला हलवणारं थोडंच प्यायलं गेलं? ते मागे होतं.

मागे म्हणजे ट्रकच्या मागे. ट्रकला जोडलेला ट्रेलर, ट्रेलरमध्ये अनिकाचा पार पूर्वेकडच्या अल्फारेटामधला सगळा संसार—मुलीला चँडलरला नोकरी मिळाली, ती आईबापांजवळ राहायला येतेय म्हटल्यावर सामान आणायला बापानं जायचं नाही तर कोणी—आणि ट्रेलरच्या मागे, आपल्या छोट्या राखाडी गाडीत, स्वतः अनिका. तू आपली माझ्या मागे राहा, म्हणजे काळजी नको, असं त्यानंच तिला निघताना सांगितलं होतं. तेव्हा ते वाक्य चांगलं वाटलं होतं.

कायद्याच्या दृष्टीनं सगळं चोख होतं. इथे सव्वीस हजार एक पौंडापासून कमर्शियल लायसन्सची भानगड सुरू होते. ट्रकच्या दाराच्या चौकटीत भरल्या गाडीच्या कमाल वजनाचा स्टिकर आहे त्यावर चौदा हजार, ट्रेलरच्या स्टिकरवर बारा हजार. बेरीज सव्वीस हजार. कायद्याच्या एक पौंड अलीकडे. निवृत्त झाल्यावर लोक गोल्फ घेतात, बागकाम घेतात. श्रीरंगनं हा एक पौंड घेतला होता. ट्रक आणि ट्रेलर त्यानं तसे हेरून निवडले होते, आणि चँडलरमधल्या कुठल्याही जेवणावळीत अंगठा आणि तर्जनी यांच्यात चिमूटभर फट धरून तो हा पौंड दाखवायचा. गंमत अशी की ही बेरीज स्टिकरांची असते. आतमध्ये पिसं भरली काय किंवा डोंगर भरला काय, लायसन्सच्या हिशेबात ट्रेलर बारा हजारांचाच. आता, बाराच्या वर भरणं हाही गुन्हाच, पण तो गुन्हा झालाय की नाही हे कळायला आधी वजन करावं लागतं. वजनच केलं नाही तर जास्त आहे असं म्हणणारा तू कोण? मी कायद्यात बसतो. उभा जन्म मी संगणकाच्या चिपच्या कारखान्यात आकडे बघितले, वरची रेघ, खालची रेघ, मधे ठिपका. ठिपका आत असला की सही करून घरी. रेघेला चिकटलेला ठिपकाही आतलाच... चिकटलेल्या ठिपक्यांवर तर मी विशेष प्रेम केलं.

स्टिअरिंग हातात किंचित वळवळलं. मांजर अंग चोरतं तसं.

बाकी अनिकाचं सामान जड नव्हतं, हे त्यानं स्वतःशी पुन्हा एकदा मान्य केलं. आजकालच्या मुलांचा संसार तो काय—फोमची गादी, पोकळ कपाटं, झाडं. ते त्यानं अगदी शिकवल्याप्रमाणे पुढून मागे भरलं होतं. ट्रेलर विकणाऱ्यानं दोनदा सांगितलं होतं की जड ते पुढे, चाकांच्या पुढे. ट्रेलरचं नाक ट्रकमागच्या जोडणीच्या गोळ्यावर दाबून बसलं पाहिजे, एकूण वजनाचा आठवा-दहावा हिस्सा तरी नाकावर हवा. शेपूट जड झालं की ते सबंध गाडीला हलवायला लागतं. श्रीरंगनं मान डोलावली होती. समजलंही होतं. पण त्या भल्या गोऱ्या माणसाला आपली माणसं निघतात कशी हे कुठे ठाऊक होतं? आपल्याकडे निरोप घरात बसून घेत नाहीत. घरात नुसता चहा होतो. खरं बोलणं दारात होतं, आणि खरं सामान दारात येतं.

तसं ते आलं. सगळं भरून झालं, दार लावायचं तेवढं राहिलं, आणि अल्फारेटातली पाच-सहा घरं ड्राइव्हवेवर गोळा झाली. सुमित्राकाकूंनी तर आधी खुर्ची मागितली, बसल्या, पाणी प्यायल्या, आणि मग जावयाकरवी गाडीतून जातं काढवलं. दगडी. दोन्ही तळ्या, खुंट्यासकट.

"तू जातोच आहेस ना श्रीरंग, मग एवढं चँडलरला आमच्या यामिनीकडे टाक," त्या म्हणाल्या. "जात्याचं काय रे, कोपऱ्यात पडून राहील."

कोपऱ्यात पडून राहील. मग पाटा आणि वरवंटा तरी काकूंनी कशाला मागे ठेवावा? मग कोणाच्या झोपाळ्याची शिसवी फळी, तिच्या पितळी कड्यांसकट. कोणाच्या देवघराचा संगमरवर. आणि शेवटी मंडळाचं ग्रंथालय—चाळीस वर्षांचे दिवाळी अंक, जे अल्फारेटात कोणी वाचत नव्हतं आणि कोणाच्यानं टाकवतही नव्हतं, म्हणून चँडलरच्या मंडळाला सप्रेम भेट. खोक्यांमागून खोकी. प्रत्येकाला तो म्हणाला, हो हो, ठेवा. प्रत्येकानं ठेवलं, जिथे जागा होती तिथे: अगदी मागे, दाराशी. जातं सगळ्यात शेवटी, कारण उतरवताना काकूंचं आधी निघावं. दार लावायला दोघांना खांदा द्यावा लागला. तेव्हा टाळ्या वाजल्या होत्या.

अलाबामानं काही म्हटलं नाही. ओक्लाहोमा तर काही म्हणायला कारणच सापडू नये इतका सपाट. टेक्सासात वारा होता, म्हणून वाऱ्यावर ढकलता आलं. न्यू मेक्सिकोत ट्रकच्या पुढच्या दिव्यांचा झोत जरा खाली झुकल्यासारखा, नाकासमोरच्या डांबरावरच पडल्यासारखा वाटला, तेव्हा त्यानं चष्म्याचा नंबर बदलला असेल असं ठरवलं. आज सकाळी, डिझेल भरताना, पंपाच्या मागच्या अंगाला वजनकाटा होता. काँक्रीटचा लांब पट्टा, एक दिवा, एक बटण. शुभा म्हणाली, वजन करून घ्यायचं का, इथे आहे. तो म्हणाला, रांग आहे. रांगेत एक ट्रक होता, आणि तोही निघत होता. शुभानं त्या निघालेल्या ट्रकाकडे तो पार दिसेनासा होईपर्यंत बघितलं.

फोन वाजला. अनिका. आवाज गाडीभर.

"बाबा, डोंट फ्रीक आउट, पण तुमचा ट्रेलर वॅग करतोय."

"म्हणजे?"

"लाइक अ डॉग्स टेल. थोडंसं. नॉट क्यूट."

रस्ता खराब आहे, असं त्यानं तिला सांगितलं. ती म्हणाली की ती त्याच रस्त्यावर आहे. मग त्यानं सांगितलं की मोठ्या गाड्यांचं असंच असतं, स्पीड कमी करतो. केलाही. शेपूट थांबलं. थांबलं ते अशा बेतानं की जणू आपण थांबलो हे त्यालाही लक्षात ठेवायचं होतं.

—आणि एकदम स्कूटर. कात्रजचा जुना घाट, उतार, बाबांची स्कूटर. मागे स्टेपनीवर तांदळाचं पोतं बांधलेलं, आई त्याला पाठ लावून बसलेली, आणि मी पुढे उभा, हँडल आणि बाबांच्या पोटाच्या मधे, कारण पोत्यानं स्कूटर मागे बसली होती आणि पुढचं चाक रस्ता सोडायला बघत होतं. पुढे वाक, बाबा कानाशी म्हणत होते, अजून वाक. मी माणूस नव्हतो तेव्हा, मी वजन होतो. हँडल डावी-उजवी थरथरत होतं, बाबांच्या मुठी पांढऱ्या पडल्या होत्या, आणि आई मागून विचारत होती की पोतं नीट आहे ना... खाली पोचल्यावर बाबांनी उसाचा रस पाजला. काही झालं नव्हतं. तेच वाईट झालं. काही झालं असतं तर घरात एका माणसाला तरी अक्कल आली असती. झालं नाही, म्हणून तांदूळ दर वर्षी तसाच आला, आणि धाडस म्हणून त्याची गोष्ट झाली, आणि गोष्ट सांगायला मी इतक्या दूर आलो.

रस्त्याच्या कडेला पिवळी पाटी आली. पुढे मैलोगणती उतार. ट्रकांनी खालचा गिअर टाकावा. मग दुसरी पाटी: ब्रेक तपासायला उजवीकडे थांबा. झाडं संपत होती, आणि झाडांच्या पलीकडे जमीन असायला हवी होती तिथे नुसती निळसर धूसर पोकळी होती.

थांबता येईल. थांबायचं, दार उघडायचं, जातं-पाटा-संगमरवर-दिवाळी अंक एकेक करून खाली घ्यायचं, अनिकाचा सोफा मागे ओढायचा, दगड पुढे न्यायचे. कमरेत दोन मणके सरकलेला माणूस, गुडघे गेलेली बायको आणि फोनवर मीटिंगा असलेली मुलगी. किंवा अर्धं सामान इथेच ठेवायचं, आणि फोन करायचा. त्यानं तो फोन मनात जुळवून बघितला. काकू, तुमचं जातं मी रस्त्यात... काकू, तसं नाही, सुरक्षित आहे, फक्त फ्लॅगस्टाफला... काकू बोलणार काहीच नाहीत. नुसतं 'बरं' म्हणतील. त्या एका 'बरं'च्या मानानं समोरची पोकळी त्याला—हे तो कोणाला कधी सांगणार नव्हता—सोपी वाटली.

"अहो," शुभा म्हणाली. ती रस्त्याकडे नाही, त्याच्या हातांकडे बघत होती. "थांबू या का?"

"पुढे थांबू."

"पुढे कुठे?"

उजवीकडची मोकळी जागा आली, त्यात एक ट्रकवाला चाकांना लाथा मारत हिंडत होता, आणि जागा गेली. श्रीरंगनं फोन लावला. अनिकाला म्हणाला, तू आता माझ्या पुढे जा. आणि ती ओके म्हणण्याआधीच त्याला दिसलं की पुढे गेली तर ती उतारावर ट्रकच्या तोंडासमोर असेल, सव्वीस हजारांच्या, किंवा किती कोण जाणे हजारांच्या, समोर.

"नको. नको, मागेच राहा."

"बाबा, पिक वन."

"मागे. पण लांब. खूप लांब राहा, बेटा. मी दिसलो नाही तरी चालेल."

मग तिनं मराठीत विचारलं, तिच्या गोल-गोल, लहानपणच्या मराठीत: "बाबा, तुम्हाला भीती वाटते का?"

शुभानं त्याच्याकडे बघितलं. नाही, असं म्हणायला त्याचं तोंड उघडलं, आणि त्याच्या ध्यानात आलं की अख्ख्या अल्फारेटापुढे आपल्याला जो शब्द एकदाही म्हणता आला नाही तो या एकाच प्रश्नाला किती सहज जिभेवर आला. मधे एक डोंगर आला. फोन आपोआप तुटला.

उतार सुरू झाला तो पायाला कळला. पेडलवरून पाय काढलेला होता आणि गाडी जात होती. आतापर्यंत तो ओढत होता. फ्लॅगस्टाफपर्यंत, न्यू मेक्सिकोपर्यंत, सगळ्या रस्ताभर काहीतरी त्याच्यामागून नाखुशीनं येत होतं. आता ते नाखूश नव्हतं. त्यानं पाठीवर हात ठेवला होता. पुढे, कडेच्या कापलेल्या डोंगरात, ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी खडीचा चढ करून ठेवला होता, त्याची पाटी आली: तीन मैलांवर. शुभानं खिडकीवरची मूठ धरली. श्रीरंगनं ट्रेलरच्या ब्रेकची छोटी कळ बोटानं चाचपली, दाबली, हलक्या हातानं, ट्रकचा ब्रेक न लावता, जसं शिकवलं होतं तसं; शेपूट एकदा डावीकडे गेलं, एकदा उजवीकडे, आणि दर वेळी एका बाजूच्या आरशात दूरवर राखाडी गाडी दिसायची, मग ती आरसा सोडून जायची, मग दुसऱ्या आरशात यायची.

आणि त्याला बरं वाटत होतं. हे त्याला उशिरानं कळलं, आपल्याच अंगात कोणी परकं माणूस कधीचं बसलेलं सापडावं तसं. थांबायच्या जागा संपल्या होत्या. वजन करायची वेळ गेली होती, फोन करायची गेली होती, कोणाला काही नाकारायचं आता उरलं नव्हतं. पुढचं सगळं उताराकडे होतं, आणि उतार कोणाचाही मान राखत नाही. इतकं मोकळं त्याला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. खांदे खाली आले. श्वास पोटापर्यंत गेला.

डाव्या आरशात गाडी आली. लांब राहा म्हटलं होतं, तरी ती मघापेक्षा जवळ होती—बापाला एकटं सोडायचं नाही म्हणून असेल—आणि आपल्या या मोकळेपणानं तिलाही केव्हाच उतारावर सोडून दिलं होतं, एका शब्दानं न विचारता, हे लक्षात आल्यावर श्रीरंगला पहिल्यांदा खरी भीती वाटली. उताराची नाही, ट्रेलरचीही नाही, हातात स्टिअरिंग धरून इतक्या शांतपणे बसलेल्या त्या माणसाची.