फुग्यावरची दाढी

वस्तादांनी उभ्या आयुष्यात स्वतःची दाढी दुसऱ्याला करू दिली नव्हती. गल्लीतल्या दोन पिढ्यांचे गळे त्यांच्या वस्तऱ्याखाली निर्धास्त पडून राहिले, पण स्वतःचा गळा द्यावा असा हात काही त्यांना भेटला नाही. ताठा मोठा होता माणसाचा, आणि खरं सांगायचं तर तो त्यांना शोभायचाही.

मग कंपवाताने त्यांचाच हात धरला. वस्तरा थरथरू लागला तशी गिऱ्हाइकं पांगली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या मेंदूत बारीक तार बसवली आणि छातीच्या कातडीखाली बॅटरी. करंट वाढवला आणि हात पुन्हा जागेवर आला. वस्ताद असे ऐटीत घरी परतले की विचारू नका.

पण त्याच करंटने जीभ अडखळायला लागली. शब्द ओठांपर्यंत यायचे आणि तिथेच बसकण मारायचे. ज्यांच्या गप्पांसाठी लोक दाढी वाढली नसतानाही येत, ते वस्ताद खुर्चीमागे मुके उभे. 'हात आहे ना, बाकी गेलं खड्ड्यात,' त्यांनी मनाची समजूत घातली.

त्यांची लेक ऑपरेशनच्या आधीपासूनच काम शिकत होती. रीत जुनीच: फुग्याला साबणाचा फेस फासायचा आणि वस्तऱ्याने तो उतरवायचा. फुगे फुटत राहिले, आणि जीभ चालत होती तोवर दर फुग्यामागे वस्तादांनी तिचा उद्धार केला. कौतुकाचं नाव नाही. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनआधी एकदा समजावलं होतं, "शाबासकी अचानक मिळाली ना, की मेंदूत डोपामिन उसळतं. मग शिकलेलं पक्कं बसतं."

"म्हणून तर जपून ठेवलीय," वस्ताद तेव्हा हसून म्हणाले होते.

एका दुपारी लेकीने अख्खा फुगा न फोडता उतरवला, अगदी गाठीपर्यंत. तिने वळून बापाकडे पाहिलं. वस्तादांच्या छातीत अभिमान मावेना. त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द काही आला नाही.

"नाही ना जमलं, बाबा?" ती म्हणाली आणि वस्तरा पुसून ठेवून दिला.

दुसऱ्याच दिवशी वस्ताद दवाखान्यात हजर.

"करंट... कमी करा."

"अहो, हात पुन्हा थरथरेल. मधलं काही जमतंय का, तेही बघून झालंय आपलं. वस्तरा सुटेल तुमचा."

"धरणारी... आहे घरात."

बाईंनी करंट उतरवला. जरा वेळाने हात थरथरू लागला, आणि जीभही सुटली. "बाई, केस कुणी कापले हो तुमचे? सूड उगवलाय कुणीतरी!"

सलूनमध्ये येताच त्यांनी लेकीला फुगा घ्यायला लावला. बाकावर गिऱ्हाइकं बसलेली. तिने अर्धा फुगा उतरवला असेल नसेल, वस्ताद गरजले, "शाबास, पोरी! तुझ्या वयात माझा हात असा नव्हता."

फाट्! फेस थेट गिऱ्हाइकांच्या तोंडावर.

"अहो बाबा, सांगून तरी करा कौतुक!" लेकीच्या डोळ्यांत पाणी आणि हसू एकदमच आलं. "सवय आहे का मला?"

"होईल."

वस्ताद खुर्चीत जाऊन बसले. थरथरता हात मांडीखाली दाबला आणि सगळ्यांदेखत हनुवटी वर केली.

"फुगे पुरे झाले. चल, दाढी कर माझी."